सोलापुरात घर विकायची खरी निकड असलेला मालक कसा ओळखायचा, कुठे शोधायचा?

नवखा (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. जुनं घर किंवा फ्लॅट घ्यायचा, गरजेपुरती दुरुस्ती करायची आणि विकायचा, नाही विकला तर भाड्याने द्यायचा, असा विचार आहे. पहिलाच व्यवहार. स्वतःचे १२ लाख, बाकी कर्ज. एकूण झेप २५ लाखांची.

मोबाईलवरच्या जाहिरातींत सगळे भाव बाजारभावाला टेकलेले किंवा वरच. दलालाकडून येतं ते आधीच चार जणांनी नाकारलेलं असतं. मला असे मालक हवेत ज्यांना वेळेचं किंवा जागेचं ओझं झालंय आणि सरळ, लवकर व्यवहार करणारा माणूस हवाय. सोलापुरात असे मालक कुठे सापडतात? बोलणं कसं काढायचं? आणि घाईने विकणाऱ्याकडून घेताना फसायला कुठे होतं? कुणाच्या अडचणीचा गैरफायदा घ्यायचा नाहीये, हे आधीच सांगतो.

माळवद

‘चांगला भाव आला तर देऊ’ म्हणणारा मालक वर्षानुवर्षं तेच म्हणत राहतो. त्याच्यामागे फिरू नका. निकड असलेल्या मालकाकडे एक तारीख असते आणि एक कारण असतं. दोन्ही कळेपर्यंत भावाचा विषय काढायचाच नाही.

आपल्याकडे कारणं ठरावीक आहेत. मुलं पुण्याला किंवा हैदराबादला स्थायिक, आई-वडील गेले, पेठेतल्या घराला कुलूप. भावंडांची वाटणी अडलेली. हप्ते थकलेले. यंत्रमाग बंद पडलेला. भाडेकरूचा वैताग. आणि एक कारण लोकांच्या ध्यानात येत नाही: मालकाने होटगी रोडला किंवा पुण्यात नवा फ्लॅट बुक केलाय, बिल्डरचा पुढचा हप्ता तीन महिन्यांवर आलाय आणि जुनं घर विकल्याशिवाय तो भरता येत नाही. पहिल्या व्यवहारासाठी हाच मालक सगळ्यात बरा. घरात भांडण नाही, कागद बहुधा स्वच्छ, तारीख लेखी. नव्या इमारतींच्या साइटवरच्या विक्रीवाल्यांना सरळ विचारा, ‘जुनं घर विकून इथे घेणारं कुणी आहे का?’ त्यांनाही त्यांचं बुकिंग टिकवायचं असतं, म्हणून ते मनापासून मदत करतात.

दुसरी वाट पायांची. सगळं शहर धरू नका. एकच भाग निवडा, साधारण तीन-चारशे घरांचा, जिथले भाव तुम्हाला तोंडपाठ होतील. जुळे सोलापूरला राहता तर तिथलेच आठ-दहा ले-आऊट घ्या. त्याच गल्ल्यांत तीन वेगवेगळ्या वेळी चक्कर मारायची. पहिली सकाळी. दुसरी दिवेलागणीनंतर, म्हणजे कोणत्या घरात दिवा लागत नाही ते कळतं. तिसरी, आणि आपल्या गावात सगळ्यात उपयोगाची, नळाला पाणी सुटण्याच्या वेळी. इथे पाणी काही दिवसांआड येतं. पाणी आल्यावर ज्या दारात हालचाल नाही, मोटर लागत नाही, हौद भरायला कुणी येत नाही, ते घर खरंच रिकामं. बाकीच्या खुणा फसवतात. अंगणात गवत वाढलं म्हणजे मालकाला विकायचंय असं नसतं. पण दारात साचलेली वीजबिलं, काढून नेलेला मीटर, महापालिकेच्या कराची चिकटवलेली नोटीस आणि पाण्याच्या दिवशीही शांत घर, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर वहीत नोंद करा.

वहीत घराची खूण, सिटी सर्व्हे नंबर किंवा प्लॉट नंबर, शेजाऱ्याचं म्हणणं, मालक सध्या कुठे, कारण काय, पुढची विचारपूस कधी, एवढं हवं. पुढच्या विचारपुशीची तारीख न लिहिणारे मध्येच सोडून देतात. आज ‘नाही’ म्हणणारा मालक चार महिन्यांनी ‘अजून घ्यायचंय का?’ असा फोन करतो. त्या वेळी तुमचं नाव त्याच्याकडे असायला हवं.

मालकाचा पत्ता शेजारी देतात, कोपऱ्यावरचा किराणावाला देतो, इस्त्रीवाला देतो. ‘घर भाड्याने मिळेल का?’ असं खोटं सांगून नंबर काढू नका. गल्लीत बातमी पसरायला दिवस लागत नाही. ‘घर घ्यायच्या विचारात आहे, मालकांशी बोलायचंय, माझा नंबर त्यांना द्या’ इतकं पुरतं. शेजारी स्वतःचा नंबर आपल्याला देईल पण मालकाचा देणार नाही, असंही होतं. मग चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीत चार ओळी: तुम्ही कोण, कुठे राहता, घर स्वतःसाठी की गुंतवणुकीसाठी (खरं लिहा), आणि नंबर. भाव लिहू नका.

पेठेतल्या घरांबाबत एक सांगतो. कसबा, बाळीवेस, शुक्रवार पेठ या बाजूच्या माळवदी घरांच्या भिंती सामाईक असतात, बोळ अरुंद, घराचं तोंड दहा-बारा फुटांचं. अशा घराला सगळ्यात जास्त भाव देणारा माणूस म्हणजे लगतचा शेजारी, कारण दोन जागा मिळून त्याची एक नीट जागा होते. म्हणून खरेदीआधी लगतच्या दोन्ही शेजाऱ्यांना भेटाच. त्यांना घ्यायचं असेल तर तुम्हाला ते स्वस्त मिळणार नाही. आत्ता नको असेल तर पुढे तेच गिऱ्हाईक होऊ शकतात. आणि त्यांनी सांगितलं की ‘ही भिंत आमची’, तर मोजणी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

वेळ: बाहेरगावचे मालक दिवाळीत, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या वेळी आणि मे महिन्यात गावी येतात. सगळी भावंडं एका ठिकाणी बसतात ती याच दिवसांत. फोन महिनाभर आधी करा, भेट त्या दिवसांत ठरवा. घरात कुणी गेलं असेल तर दोन-तीन महिने तिकडे फिरकूही नका.

पहिल्या बोलण्यात मी विचारीन ते असं: घर किती दिवस बंद आहे? विकायचं असं घरात सगळ्यांचं ठरलंय का, की अजून बोलणं चालू आहे? पैसे कधीपर्यंत हातात यायला हवेत? मूळ कागद कुणाकडे आहेत? आणि शेवटी, ‘समजा वर्षभर विकलं गेलं नाही, तर काय कराल?’ ‘काही नाही, राहू दे तसंच’ असं उत्तर आलं तर निकड नाही. दोन वर्षं पुन्हा पुन्हा सोलापूरला खेपा, कराची थकबाकी, चोरी झाल्याची भीती असं काही बोलू लागले तर ऐकत राहा. त्यांना जास्त भाव हवाय की खेपा वाचवायच्या आहेत, ते इथेच कळतं.

पूर्वभाग

माळवदसाहेबांनी यंत्रमागाचा उल्लेख केला म्हणून भर घालतो. अशोक चौक, साखर पेठ, नीलम नगरकडच्या घरांत खाली माग आणि वर राहणं अशी रचना असते. माग बंद केलेल्या मालकाला बऱ्याचदा सगळी इमारत विकायची असते, पण घेणाऱ्याला ती राहायचं घर म्हणून दिसते आणि कागदावर ती तशी नसते. चार गोष्टी तपासा. महापालिकेची कर आकारणी निवासी आहे की बिगरनिवासी. वीजजोडणी औद्योगिक आहे का आणि तिची थकबाकी किती. मागांवर सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज असेल तर इमारतही तारण आहे का. आणि माग कोण, कधी काढून नेणार. हे शेवटचं लोक विसरतात, मग खरेदीखत झाल्यावरही यंत्रं तिथेच पडून राहतात. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी भिंतींना आणि जोत्याला तडे गेलेले असतात. गिलाव्याखाली झाकलेले दिसत नाहीत, म्हणून गवंडी नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या.

या भागात बोलणं तेलुगूत निघालं तर दार वेगळं उघडतं, अक्कलकोट रोडकडे कन्नडमध्ये. भाषा येत नसेल तर ओळखीचा माणूस सोबत न्या. त्याला काय देणार ते आधीच ठरवा आणि मालकासमोर ते उघड असू द्या. घरातल्या मोठ्या अव्वांशी किंवा अण्णांशी बोलल्याशिवाय मुलाच्या ‘हो’वर विसार (आगाऊ रक्कम) देऊ नये.

सूचीदोन

मालक सापडणं सोपं आहे. ज्या कारणाने तो घाईत आहे तेच कारण कागदावर अडथळा होऊन बसलेलं असतं, आणि नवखे तिथे अडकतात. तपासणीचा क्रम असा ठेवा की फुकटात होणारी आधी, पैशाची नंतर.

मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) आधी बघा. हद्दवाढीतल्या गावांच्या जमिनीवर असेल तर सातबारा आणि सगळे फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी). तुमच्याशी बोलणाऱ्याचं नाव तिथे आहे का? बऱ्याचदा आजोबांचं असतं. ‘इतर हक्क’ आणि बोजाचा रकाना वाचा. ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारी अटी असलेली जमीन) दिसलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. पहिल्या व्यवहारात ते घर सोडून द्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या मिळकतीच्या सूची क्रमांक २ च्या, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या, नोंदी विनाशुल्क दिसतात. आधी कुणाला नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार) करून दिलंय का ते तिथे कळतं. ई-कोर्ट्सवर मालकाच्या आणि वडिलांच्या नावाने दावे शोधा. नावाची स्पेलिंग तीन-चार प्रकारांनी टाका. केंद्रीय तारण नोंदणीत, म्हणजे सेरसाईवर, नाममात्र शुल्कात गहाण दिसतं. कराची पावती आणि फ्लॅट असेल तर सोसायटीचं थकबाकीपत्र. सोसायटी हस्तांतर प्रीमियम म्हणून २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागू शकत नाही, हेही ध्यानात असू द्या.

इथवर सगळं ठीक असेल तरच वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या नोंदींची तपासणी) आणि दैनिकात जाहीर नोटीस. नोटिशीवर हरकत आली तर वाईट वाटून घेऊ नका. विसार देण्याआधी आली हे तुमचं नशीब.

आता नेहमीचे सापळे. वारसांत बहिणी असतात आणि भाऊ म्हणतात, ‘त्यांचा काही प्रश्न नाही.’ २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिलाय आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलंय की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं किंवा खरेदीखतावर तिची सही हवी. फोनवरची संमती, साध्या कागदावरची सही काही कामाची नाही. वारस अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल तर त्याच्या नावच्या हिश्श्याच्या विक्रीला न्यायालयाची परवानगी लागते. त्याला महिने जातात, तेवढा वेळ धरा किंवा थांबा.

मुखत्यारपत्र: पुण्यातला किंवा परदेशातला मालक भावाला मुखत्यार नेमतो. ते नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा अधिकार शब्दांत दिलाय का, रद्द केलेलं नाही ना, आणि नेमणारा आज हयात आहे ना, हे व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडूनच ऐका. नेमणारा गेला की मुखत्यारपत्र संपलं. परदेशात भारतीय दूतावासात केलेल्या पत्राला ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावावा लागतो. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि ताब्यावर घर ‘विकत’ देणारे अजून आहेत. अशाने मालकी येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०११ चा आहे.

विक्रेता अनिवासी (परदेशात राहणारा) असेल तर कर कापून भरायची जबाबदारी तुमची. निवासी विक्रेत्याला ५० लाख किंवा जास्त किमतीवरच १ टक्का कापायचा असतो. अनिवासीला ती किमान मर्यादाच नाही आणि दरही मोठा. सीएला विचारल्याशिवाय अशा व्यवहारात पाऊल टाकू नका.

जुना भाडेकरू आत असेल तर घर रिकामं करून ताबा देणं ही मालकाची अट म्हणून लिहून घ्या. भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि संरक्षित भाडेकरूला काढायला दावा लागतो. ‘तुम्ही घ्या, मग बघू त्याचं’ याला बळी पडू नका.

आणि गुंठेवारीतले, म्हणजे जमिनीचे तुकडे पाडून विकलेले, रेखांकन (ले-आऊट) मंजूर नसलेले प्लॉट स्वस्त का मिळतात ते समजून घ्या. तुमच्यानंतरच्या खरेदीदाराला बँक कर्ज देत नाही. तुम्ही कर्जाशिवाय घेतलंत तरी विकताना गिऱ्हाईक रोखीचंच शोधावं लागतं. घर बघताना पहिला प्रश्न हाच: यावर बँक कर्ज देईल का? मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नसेल, वरचा मजला परवानगीशिवाय चढवला असेल, तर उत्तर बहुधा ‘नाही’ असंच असतं. योजनेत मिळालेली घरकुलं आणि सोडतीतली घरं वाटपपत्रातली विक्रीची अट वाचल्याशिवाय बघूही नका.

नवखा (जुळे सोलापूर)

मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वही केली. दोन प्रश्न समोर आले.

एक घर आहे, दोन भाऊ आणि एक बहीण असे तीन वारस. धाकटा भाऊ म्हणतो, ‘माझा तिसरा हिस्सा तुम्ही घ्या, निम्म्या भावात देतो.’ घ्यावा का?

दुसरं घर २१ लाखांत मिळतंय. दुरुस्तीनंतर २८ ला जाईल असं दोन दलाल म्हणतात. पण रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, किंमत २५ लाख निघते. स्वस्त मिळतंय याचा आनंद मानू की काळजी करू?

सूचीदोन

हिस्सा घेऊ नका. राहत्या घराचा अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा परक्याने घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ त्याला कुटुंबासोबत सामाईक ताबा देत नाही. ताबा हवा तर वाटपाचा दावा करावा लागतो, आणि तो केलात की १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ बाकीच्या हिस्सेदारांना तुमचा हिस्सा मूल्यांकनाच्या भावाने विकत घ्यायचा हक्क देतं. शिवाय वारसाने बाहेर विकायला काढलं तर दुसऱ्या वारसाला आधी घ्यायचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. निम्मा भाव दिसतोय तो यामुळेच.

याच घरात खरा व्यवहार मात्र आहे. तिघांना एका टेबलावर आणा. बहुतेक वेळा अडतं ते भावावर नाही. वाटणीचा खर्च कुणी करायचा, वारस नोंदीसाठी खेपा कुणी मारायच्या, पैसे आधी कुणाच्या खात्यात जायचे, यावर अडतं. ‘वारस नोंदीचा वकील मी देतो, खर्च मी करतो, तिघांच्या खात्यांवर एकाच दिवशी तीन धनादेश’ असा प्रस्ताव द्या. वारस नोंद होईपर्यंत पाच-सहा महिने लागतील असं धरा आणि तोवर तिघांच्या सहीचं नोंदणीकृत साठेखत करून ठेवा. घाई असलेल्या धाकट्याला साठेखतावेळी त्याच्या हिश्श्यातून थोडी रक्कम देता येते, बाकी दोघांच्या संमतीने.

हिशेबवही

२१ लाखांचं घर मांडून दाखवतो. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, नोंदणी १ टक्का (कमाल ३०,०००). खरेदी महिलेच्या नावे असेल तर निवासी मिळकतीला मुद्रांकात १ टक्का सूट.

घर २१,००,०००. मुद्रांक १,२६,०००. नोंदणी २१,०००. वकील आणि कागद १०,०००. दलाली १ टक्क्याने २१,०००. दुरुस्ती २,००,०००. इथेच २४,७८,००० झाले, म्हणजे तुमची २५ ची झेप संपली. १३ लाख कर्ज १० टक्क्यांनी धरलं तर सहा महिन्यांचं व्याज ६५,०००, कर-वीज-देखभाल १५,०००, विकताना दलाली २८,०००. एकूण २५,८६,०००. २८ ला विकलंत तर हातात २,१४,०००, तेही आयकराआधी. ७ लाखांचा फरक दिसत होता, उरले दोन. पुढे प्रत्येक महिना तेरा-चौदा हजार खातो. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या नेहमीच्या दराने करपात्र.

आता रेडीरेकनर. ठरलेली आणि रेडीरेकनरची यांतली जी किंमत जास्त, तिच्यावर मुद्रांक लागतो, म्हणजे २५ लाखांवर: १,५०,०००. नोंदणीही २५,०००. हे २८,००० वाढले. पण मोठा फटका आयकराचा. मुद्रांक मूल्य (रेडीरेकनरची किंमत) आणि व्यवहाराची किंमत यांतला फरक ५०,००० पेक्षा जास्त आणि किमतीच्या १० टक्क्यांपेक्षाही जास्त असेल, तर तो सगळा फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो. २१ चे १० टक्के २.१ लाख, तुमचा फरक ४ लाख. पूर्ण ४ लाख तुमच्या उत्पन्नात मिळवले जातील. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह १,२४,८०० कर. पुढे विकताना घराची किंमत २५ लाख धरता येते, त्यामुळे तो भार तिथे थोडा हलका होतो, पण पैसे आज भरायचे. विक्रेत्यालाही नफा २५ च्या हिशेबाने दाखवावा लागतो. त्याला हे आधी सांगा, नाहीतर खरेदीखताच्या दिवशी बिनसतं.

उपाय दोन. जुन्या बांधकामाला मूल्यांकनात घसारा (वयामुळे किमतीत घट) मिळतो. घर किती वर्षांचं हे करपत्रकातून सिद्ध होतं. तो कागद दस्तलेखकाला द्या, नाहीतर बांधकाम नवं धरून मूल्य काढलं जातं. पुष्कळदा २५ ची २३ यानेच होते, आणि २३.१ च्या आत आलं की वरचा प्रश्नच मिटतो. नसेल होत तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, म्हणजे मूल्य आणि शुल्क ठरवून घ्यायला, अर्ज करता येतो. घरं घेऊन विकणं हा नियमित धंदाच करणार असाल तर कराची मांडणी वेगळी होते. ते पहिल्या खरेदीआधी सीएकडे ठरवा.

रोखीत काही देऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे.

लिलाववाचक

हप्ते थकलेल्या मालकाबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही. बँक सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी तारण विकू देणारा कायदा) आधी ६० दिवसांची मागणी नोटीस देते, मग ताब्याची नोटीस दोन दैनिकांत येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. सोलापूरच्या दैनिकांत या नोटिसा रोज वाचायला मिळतात. त्यात नाव, पत्ता, थकबाकी सगळं असतं.

ताब्याची नोटीस आल्यापासून लिलावाची जाहिरात येईपर्यंतचा काळ मालकासाठी मोलाचा असतो. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की पैसे भरून मिळकत सोडवून घ्यायचा हक्क संपतो. त्याआधी खाजगीत विकलं तर त्याला बहुधा लिलावापेक्षा चांगली किंमत येते. पण इथे एक मोठी चूक होते: मागणी नोटीस मिळाल्यावर मालकाला बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकताच येत नाही. त्यामुळे विसार मालकाच्या हातात द्यायचा नाही. मालकासोबत शाखेत जा. आज भरायची एकूण रक्कम आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागू, हे पत्रावर घ्या. विक्रीला संमतीपत्र घ्या. पैसे सरळ कर्जखात्यात भरा, उरलेले मालकाला. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पतसंस्थेचं कर्ज असेल तर वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ आणि १५६ खाली चालते. तिथे वसुली अधिकाऱ्याचं पत्र आणि उताऱ्यावरचा बोजा उतरल्याचा फेरफार दोन्ही हवेत. मालकाने एकाहून जास्त पतसंस्थांकडून उचललेलं असतं, हेही तपासा.

लिलावात उतरायचं असेल तर ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर सरकारी बँकांच्या मिळकती दिसतात. बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, उरलेले १५ दिवसांत. इतक्या थोड्या वेळात कर्ज मंजूर होत नाही, आणि रक्कम नाही भरली तर भरलेली अनामत जप्त होते. ताबा ‘प्रतीकात्मक’ (फक्त कागदोपत्री) असेल तर माणसं आत राहत असतात. नवख्याने यात उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक, हे कळकळीने सांगतो. अडचणीतला मालक कधी म्हणतो, ‘खरेदीखत करून घ्या, वर्षभरात पैसे परत देतो, मग घर परत द्या.’ हे करू नका, कितीही दया आली तरी. हा व्यवहार विक्री न धरता गहाण किंवा बेकायदा सावकारी धरला जाऊ शकतो आणि २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली अशी मिळकत मूळ मालकाला परत द्यायचा आदेश होऊ शकतो. त्या माणसाला मदत करायची असेल तर त्याला बँकेशी एकरकमी तडजोडीचं बोलायला लावा.

नवखा (जुळे सोलापूर)

२१ च्या घराच्या करपत्रकात बांधकाम १९९४ चं आहे. दस्तलेखकाकडे देतो. मालक म्हणतात विसार ५१,००० द्या, पावती साध्या कागदावर करू. चालेल का?

माळवद

रक्कम चालेल, साधा कागद नको. धनादेशाने किंवा ऑनलाइन द्या, खातं मालकाच्याच नावाचं हवं. पावतीत हे असू द्या: मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर आणि क्षेत्र चौरस मीटरमध्ये जसं पत्रकावर आहे तसं (एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट; तोंडी चौरस फुटांचा आकडा फसवतो), ठरलेली एकूण किंमत, सर्चमध्ये किंवा जाहीर नोटिशीत दोष निघाला तर विसार किती दिवसांत परत, कर-वीज-पाणी ताब्याच्या तारखेपर्यंत कुणाचं, घरातल्या कोणत्या वस्तू राहणार, आणि खरेदीखताची शेवटची तारीख. कर्ज मंजूर न झाल्यास विसाराचं काय, हेही लिहा. मालक ‘जप्त’ म्हणतील, तुम्ही ‘निम्मा परत’वर या. मालमत्ता पत्रकावर जितकी नावं, तितक्या सह्या. साक्षीदार त्यांच्या बाजूचा एक, तुमच्या बाजूचा एक.

मोजणीसाठी अर्ज विसार दिल्यावर लगेच मालकाकडून टाकून घ्या, खरेदीखताची वाट बघू नका. आणि ४५ दिवसांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर विसार पावतीवर न थांबता नोंदणीकृत साठेखत करा.